दुसऱ्याचा वस्तरा, आपला गाल

"कुणाच्या तरी आजोबांच्या दाढीचा वस्तरा आमचे हे स्वतःच्या गालावरून फिरवतात. स्पिरिट लावलंय म्हणतात. स्पिरिटने होतं का हो सगळं साफ?"

हा प्रश्न इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका ओळखीच्या वहिनींचा. माझी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. गेल्या काही वर्षांत जुन्या पद्धतीने दाढी करायचं वेड पुन्हा आलं आहे. साबणाचा फेस, ब्रश, चामड्याचा पट्टा आणि लखलखता वस्तरा असा सगळा थाट मोबाइलवर बघून बघून चाळिशीपुढचे पुरुष जुन्या बाजाराच्या वाटेला लागले आहेत. त्याच मोबाइलवर दर काही महिन्यांनी दुसरा व्हिडिओ येतो: सलूनमधल्या वस्तऱ्याने एड्स होतो. नवरा पहिला व्हिडिओ बघतो, बायको दुसरा, आणि मग बाथरूमच्या दाराशी वाद.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वहिनींची शंका रास्त आहे, पण बोट चुकीच्या जागी आहे. त्यांना भीती पात्याची वाटते. खरं तर जुन्या वस्तऱ्यात निर्धोक करायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर ते पातंच. लक्ष द्यायचं ते मुठीकडे, पट्ट्याकडे आणि ब्रशकडे.

## कोणत्या वस्तऱ्याबद्दल बोलतोय

आज सलूनमध्ये जो दिसतो तो नव्हे. तिथे दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं पट्टीत अडकवतात आणि दाढी झाली की फेकतात. निदान फेकायला हवं. आपला विषय आहे तो अखंड पोलादी पात्याचा, घडी घालून मुठीत मिटणारा वस्तरा, न्हाव्याच्या धोकटीतला. त्याचं पातं बदलत नाही. धार गेली की दगडावर लावायची आणि रोज वापरण्याआधी चामड्यावर परजायचं. नीट सांभाळला तर असा वस्तरा माणसापेक्षा जास्त जगतो, आणि नेमकं तेच वहिनींचं दुखणं आहे.

हे वस्तरे मुख्यतः इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगनचे, काही फ्रान्स आणि स्वीडनचे. 1903 मध्ये जिलेटने फेकायच्या ब्लेडचा रेझर बाजारात आणला आणि हळूहळू घराघरांतले वस्तरे पेटीच्या तळाशी गेले. इंदूरकरांना ते मिळायला आणखी एक कारण आहे. महूची लष्करी छावणी 1818 सालची, इथून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे विकणारा हातात वस्तरा ठेवताना हमखास म्हणतो, "भिया, कर्नल साब का है, तीस साल से पेटी में पडा था." कर्नल खरा असेल किंवा नसेल. आपल्याला काळजी त्या तीस वर्षांची करायची आहे, आणि ती का ते पुढे येईलच.

## भीती नेमकी कशाची धरायची

वस्तऱ्यातून काय येऊ शकतं याचे तीन गट करू.

पहिला गट रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा. दाढी करताना गाल कापला नाही असं वाटलं तरी कातडीचा वरचा थर खरवडलेला असतो. पात्यावर दुसऱ्याचं रक्त असेल तर त्याला आत शिरायला तेवढी वाट पुरते. यातला सगळ्यात चिवट म्हणजे हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळीचा एक प्रकार. वाळलेल्या रक्ताच्या डागात हा विषाणू साध्या तापमानाला किमान सात दिवस टिकतो. शिवाय संसर्गाला फार रक्त लागत नाही. डोळ्यांना न दिसणारा अंशही पुरतो. हिपॅटायटिस सी प्रयोगशाळेत कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे टिकलेला आढळला आहे. आणि ज्याच्या नावाने व्हिडिओ फिरतात तो एचआयव्ही या तिघांत सगळ्यात नाजूक. रक्त वाळलं की काही तासांत त्यातले शंभरातले नव्वदहून जास्त विषाणू निकामी होतात. म्हणजे लोक घाबरतात एचआयव्हीला, आणि वस्तऱ्याच्या बाबतीत भ्यायला हवं हिपॅटायटिस बीला.

आता कर्नलसाहेबांची तीस वर्षं. वस्तरा खरोखरच इतका काळ कोरड्या पेटीत पडून असेल तर वरच्या तिघांपैकी एकही विषाणू त्याच्यावर जिवंत असणं शक्य नाही. पण तीस वर्षं हे विकणाऱ्याचं तोंडी सर्टिफिकेट. तो वस्तरा मागच्या आठवड्यापर्यंत एखाद्या गावच्या न्हाव्याच्या हातात नव्हता हे कोण सांगणार? किंवा दुकानदारानेच धार दाखवायला स्वतःच्या मनगटावरचे केस काढून दाखवले नसतील कशावरून? म्हणून नियम सरळ ठेवायचा: आणलेला प्रत्येक वस्तरा कालच कुणाच्या तरी गालावर चालला होता असं धरायचं.

दुसरा गट कातडीवरच्या जंतूंचा: पुटकुळ्या आणि गळवं आणणारे जिवाणू, नायट्याची बुरशी, चामखिळीचा विषाणू. हे जीवघेणे नाहीत, पण चेहऱ्यावर आले की महिनोन्महिने पिच्छा पुरवतात. इथे एक गोष्ट नवऱ्याच्या बाजूने सांगायला हवी. गळवं आणणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण दर तिघांतल्या एकाच्या नाकात तसाच मुक्कामाला असतो. दाढीनंतर पुटकुळ्या उठल्या तर बहुतेक वेळा जंतू स्वतःचाच असतो, कर्नलचा नव्हे.

तिसरा गट म्हणजे धनुर्वात. गंजलेलं लोखंड लागलं की धनुर्वात, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. गंजात स्वतःहून काही विष नसतं. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात राहतो, आणि वाईट दिवसांत स्वतःभोवती कवच करून झोपून जातो. त्या झोपलेल्या रूपाला बीजाणू म्हणतात. हे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, पण जागे व्हायला त्यांना हवा न पोचणारी खोल जखम लागते. खिळा पायात घुसतो तशी. दाढीची चीर उथळ, वरून रक्त वाहणारी. तिथे धनुर्वात होण्याची शक्यता फार कमी. तरी दर दहा वर्षांनी इंजेक्शन घ्यावं, आणि ते बागकाम करणाऱ्याने, स्कूटर चालवणाऱ्यानेही घ्यावं. त्यासाठी वस्तऱ्याचं निमित्त लागत नाही.

## तीन वेगळी कामं, तिन्हीला आपण म्हणतो साफ

सगळा घोळ इथे आहे. लॅबमध्ये नवीन मुलांना पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच.

धुणं म्हणजे मळ, तेल, साबण, केस, गंज काढणं. जंतुनाशन म्हणजे उरलेले बहुतेक जंतू औषधाने किंवा उष्णतेने मारणं. यात बीजाणू वाचू शकतात. निर्जंतुकीकरण म्हणजे बीजाणूंसकट सगळं मारणं, जसं ऑपरेशनच्या कात्र्यांचं करतात.

क्रम बदलून चालत नाही. खरकटं वाळून चिकटलेल्या पातेल्यावर नुसतं कढत पाणी ओतलं तर भांडं गरम होतं, घासल्याशिवाय स्वच्छ होत नाही. वाळलेल्या रक्ताचं तसंच आहे. त्यावर थेट स्पिरिट ओतलं तर वरचा थर थिजतो आणि आतल्या जंतूंना पांघरूणच मिळतं. नवरोबांचं स्पिरिट चुकीचं नाही. ते आधी आलं, ही चूक.

मग वस्तऱ्याला तिन्हीपैकी काय हवं? अमेरिकेतले अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय उपकरणांची एक वर्गवारी केली, ती आजही जगभर पाळतात. शरीराच्या आत, रक्तात जाणारं उपकरण निर्जंतुक हवं. नुसत्या धड कातडीला लागणाऱ्याला कमी चालतं. वस्तरा या दोन्हींच्या मधे लोंबकळतो. असतो कातडीवर, पण रक्त काढायची त्याला सवय. माझा व्यवहारी हिशेब असा: वस्तरा एकाच माणसाचा राहणार असेल तर विषाणू नक्की मरतील इतकं कडक जंतुनाशन पुरेसं. दोघांचा होणार असेल तर काहीच पुरेसं नाही, कारण ते काम रोज करावं लागेल आणि रोज कुणी करत नाही.

## घाण बसते कुठे

जुना वस्तरा उघडून खिडकीच्या उजेडात धरा आणि भिंग घ्या. धार डोळ्यांसमोर असते, तिकडे वेळ घालवू नका. जिथे पातं मुठीला खिळ्याने जोडलेलं आहे तिथे बघा. पितळेचा एक बारीक खिळा, दोन्ही बाजूंना वाटोळी चकती, आणि चकतीच्या कडेने हिरवट काळा कीट. टाचणीने उकरला तर मेणासारखा निघतो. त्यात जुना साबण असतो, तेल असतं, कातडीचा चुरा असतो आणि कधी कधी चक्क आखूड पांढरे केस. मग मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे टॉर्च मारा. पातं मिटल्यावर जिथे विसावतं त्या खाचेत पिढ्यांचा फेस वाळून पापुद्रा झालेला असतो. वहिनींनी हे पाहिलं नाही तेच बरं.

तिसरी जागा म्हणजे गंजाचे खड्डे. लाल गंज वरवर असेल तर घासून जातो. पण पोलादात टोचे मारल्यासारखे काळे ठिपके पडले असतील तर प्रत्येक ठिपका म्हणजे एक खळगी. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिपॅटायटिस बीचा विषाणू त्याच्याही विसाव्या भागाहून लहान. भिंगातून दिसणारी खळगी त्यांना अवाढव्य. पाठीकडच्या खळग्या चालतील. धारेला लागून असतील तर तो वस्तरा दाढीचा राहिला नाही. जंतूंचं सोडा, दगडावर लावताना धार तिथेच तुटून करवत होईल.

मूठ कशाची आहे हेही पाहायचं. शिंग, लाकूड, बेकेलाइट, हस्तिदंत आणि सेल्युलॉइड हे नेहमीचे प्रकार. हस्तिदंत दिसला तर हात मागे घ्या. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सेल्युलॉइड म्हणजे कापूर घालून केलेलं सुरुवातीच्या काळातलं प्लॅस्टिक. रंगीत, गुळगुळीत, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचं, दिसायला सगळ्यात देखणं. ते म्हातारं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि नेमकं मुठीत मिटलेलं पातंच आतून गंजत जातं. एका पेटीत चार वस्तरे ठेवले तर शेजाऱ्यांनाही बाधतं. शिवाय ते भुरकन पेटतं. त्याला गॅस, ओव्हन, उकळतं पाणी यांच्या जवळ न्यायचं नाही.

## स्पिरिट, डेटॉल, ब्लीच, की कुकर?

स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल, चांगलं, पण सत्तर टक्क्यांचं. शंभर टक्के जास्त कडक असेल असं वाटतं ना? उलट आहे. अल्कोहोलला जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, आणि पाणी असलं की ते उडूनही लवकर जात नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही या तिघांच्या अंगावर चरबीचं वेष्टन असतं, ते अल्कोहोल विरघळवतं. मात्र कापसाने पुसलेलं स्पिरिट काही सेकंदांत उडून जातं आणि काम अर्धवट राहतं. पातं दहा मिनिटं बुडवून ठेवायला हवं. जवळ काडी ओढायची नाही, हे सांगायला नकोच. बीजाणू आणि चामखिळीचा विषाणू मात्र अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत.

डेटॉल जखमेच्या आजूबाजूला ठीक. वस्तऱ्याचा सगळा भरवसा त्याच्यावर टाकू नये.

ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, जंतूंना जबरदस्त मारतं आणि पोलादालाही. यातली बहुतेक पाती स्टेनलेस नव्हेत. ब्लीचमध्ये ठेवलेलं पातं ठिपक्याठिपक्यांनी खाल्लं जातं, म्हणजे जंतूंना राहायला नव्या खोल्या आपणच बांधून द्यायच्या.

उकळतं पाणी जुन्या काळापासूनचं आणि चांगलं. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं, पण त्याने काही बिघडत नाही. वीस मिनिटं खळखळ उकळलं तर वरचे सगळे विषाणू आणि साधे जिवाणू संपतात. बीजाणूंची खात्री नाही.

बीजाणूंसाठी 121 अंशांची दाबाखालची वाफ आणि किमान पंधरा मिनिटं लागतात. हॉस्पिटलातल्या ऑटोक्लेव्हमध्ये हेच होतं आणि घरच्या कुकरात शिट्टीच्या दाबाला ताप जवळपास तिथेच पोचतो. फरक इतकाच की कुकरला मापक नसतं. आतली हवा पूर्ण निघाली का, ताप पंधरा मिनिटं टिकला का, हे कळत नाही. तरी नुसतं सुटं पातं कुकरात घालायला हरकत नाही. एवढ्या तापाने पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरत नाही. गॅसच्या ज्योतीवर धरलं तर मात्र उतरतं: पातं आधी पिवळसर, मग जांभळं, निळं होतं, आणि निळं झालेल्या पात्याची धार पुन्हा कधी टिकत नाही. कुकरचा मार्ग घेणाऱ्यांना एक आपुलकीचा सल्ला, जुना वेगळा कुकर घ्या. ज्यात कर्नलचा वस्तरा शिजला त्यात वहिनी पुन्हा वरण लावणार नाहीत, आणि कुठल्याही शास्त्राने त्यांचं मन वळणार नाही.

सलूनमध्ये निळ्या दिव्याची पेटी असते. अतिनील किरण जंतू मारतात हे खरं, पण ते जिथे पडतात तिथेच. पात्याखाली, खिळ्याच्या चकतीमागे, फेसाच्या पापुद्र्याखाली सावली असते. कित्येक पेट्यांत तर नुसता निळ्या रंगाचा दिवा असतो. जंतूंना रंगाशी काही देणं-घेणं नसतं.

## नवऱ्याने काय करायचं

हातात मोजे, तोंडाला मास्क, धारेवर टेप. सगळ्यात उत्तम म्हणजे मुठीचा खिळा काढून पातं सुटं करणं. खिळ्याचं डोकं कानशीने घासून बारीक पंचने ठोकलं की तो निघतो. पुढे नवा पितळी खिळा बसवता येतो. हात बसलेला नसेल तर एखाद्या कारागिराकडून करून घ्यावं, नाहीतर जुन्या मुठीला तडा जातो. खिळा काढायचाच नसेल तर कोमट साबणाचं पाणी, जुना मऊ टूथब्रश, खाचेसाठी दात कोरायची काडी, आणि कीट निघेपर्यंत धीर. साबणात चरबी सुटते आणि वाळलेलं रक्तही भिजून निघतं. कढत पाणी इथे नको, रक्त आणखी घट्ट बसतं. टूथब्रश नंतर कचऱ्यात. काही चष्म्याच्या दुकानांत ध्वनिलहरींनी चष्मा धुवायचं छोटं यंत्र असतं, त्याने खळग्यांतला मळ छान सुटतो. पण सुटतो म्हणजे मरतो असं नव्हे, आणि चष्मेवाल्याला त्यात वस्तरा घालायला लावू नये.

गंज ओल्या बारीक पॉलिशपेपरने काढायचा. ओल्या, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. मग वाहत्या पाण्यात धुवायचं, कोरडं करायचं, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं बुडवायचं. पातं सुटं असेल तर त्याऐवजी उकळा किंवा कुकरात घाला, आणि बाहेर काढल्या काढल्या पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात गंज हजर.

यापुढे जे होतं ते वहिनींनी मुद्दाम उभं राहून बघावं. जुनी धार कधीच दाढीलायक नसते, ती धारेच्या दगडावर नव्याने लावावी लागते. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक. दगडावर साठणारं करडं पाणी म्हणजे झिजलेलं पोलाद. धारेच्या ज्या काठावर पूर्वी कुणाचं रक्त लागलं असेल तो काठच वाहून जातो आणि आतलं, हवाही न लागलेलं पोलाद धार म्हणून बाहेर येतं. गालाला लागणार ते हे. धार झाल्यावर पुन्हा एकदा धुवून अल्कोहोल, कारण दगडावर हात लागलेले असतात.

## पट्टा आणि ब्रश: यांना घरात घेऊ नका

वस्तऱ्याबरोबर विकणारा कधी कधी चामड्याचा पट्टा फुकट देतो. ती वस्तू मात्र खरोखर घातक. चामडं सच्छिद्र असतं. दुसऱ्याच्या वस्तऱ्यावरचं तेल, रक्त, बुरशी त्यात मुरलेली असते. ते उकळता येत नाही, अल्कोहोलमध्ये बुडवलं तर कडक होऊन तडकतं, धुतलं तरी तळापर्यंत धुतलं जात नाही. आणि आपण काय करतो? इतक्या मेहनतीने शुद्ध केलेलं पातं दाढीच्या ऐन आधी त्याच पट्ट्यावर घासतो. पट्टा नवाच घ्यायचा.

जुन्या ब्रशचंही तेच, आणि त्याचा इतिहास तर अंगावर काटा आणणारा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि सामान्य माणसांनाही चेहऱ्यावर अँथ्रॅक्सचे फोड आले, काही दगावले. कारण निघालं दाढीचा ब्रश. युद्धामुळे चांगले केस मिळेनात, म्हणून स्वस्तात घोड्याचे केस वापरले गेले, आणि ते नीट निर्जंतुक झाले नव्हते. अँथ्रॅक्सचा जिवाणूही बीजाणू करून राहणारा. केस जनावराचे, बीजाणू जनावराच्या रोगाचे, आणि वर रोज कोमट फेस. आज अँथ्रॅक्सचा धोका नगण्य आहे, पण त्या काळातला ब्रश घरी आणून फेस करावा इतकं त्यात काय आहे? काचेच्या कपाटात ठेवायचा तर ठेवा.

## "पूर्वी अख्खा गाव एकाच वस्तऱ्याने दाढी करायचा, कुठे काय झालं?"

हे सासऱ्यांच्या बाजूने हमखास येतं. वाटीभर पाणी, पारावरची बैठक, एकापाठोपाठ एक गिऱ्हाईक, आणि पातं पुसलं जायचं ते न्हाव्याच्या मनगटावर किंवा गिऱ्हाइकाच्याच पंच्याला. काय झालं हे कुणाला कळणार? हिपॅटायटिस बीचा पहिला पुरावा शास्त्रज्ञ बारूक ब्लूमबर्ग यांना 1960 च्या दशकात सापडला, एचआयव्ही 1983 मध्ये, हिपॅटायटिस सी तर 1989 मध्ये. त्याआधी यांची तपासणीच नव्हती. शिवाय हिपॅटायटिस बी आणि सी बहुतेकदा गुपचूप शिरतात आणि वीस-तीस वर्षांनी काहींचं यकृत कडक होतं, पोटात पाणी होतं. साठीत जलोदराने गेलेल्या माणसाचा आणि त्याच्या तरुणपणीच्या हजामतीचा संबंध कोण जोडणार? नायटा आणि पुटकुळ्या मात्र तेव्हाही सगळ्यांना माहीत होत्या. त्वचारोगाच्या जुन्या पुस्तकांत न्हाव्याकडून येणाऱ्या नायट्याला स्वतंत्र नाव होतं.

इथे वस्तऱ्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे हिपॅटायटिस बीची लस. लहान मुलांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर यायला 2011 उजाडलं, म्हणजे आज वस्तरे गोळा करणाऱ्या वयाच्या बहुतेकांना ती मिळालेलीच नाही. तीन डोस: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मनात शंका असेल तर आधी तपासणी. 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. सलूनमध्ये दाढी करणाऱ्याने तर ही लस घ्यावीच, आणि तिथली तुरटीची सामाईक वडी कापलेल्या जागी लावू देऊ नये. ब्लेड नवं आणि तुरटी गावाची, हा प्रकार सर्रास चालतो.

## "सगळं पटलं, तरी नको वाटतं"

वहिनी शेवटी हेच म्हणाल्या, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांसमोर फळांच्या रसात मेलेलं झुरळ बुडवून काढायचं, आणि झुरळ पूर्ण निर्जंतुक केलेलं आहे हे आधी सांगायचं. तरी लोकांना तो रस नकोसा झाला. किळस जंतू मोजत नाही. आपल्याकडे तर उष्ट्याचं शास्त्र पिढ्यांचं आहे. न्हाव्याकडून आलेल्या माणसाला आंघोळीआधी कशाला शिवू द्यायचं नाही, ही शिस्त जंतू माहीत नसलेल्या आजीने लावली होती आणि तिच्यात तथ्यही होतं.

पण धोका आणि किळस यांची उत्तरं वेगळी. धोक्याचं उत्तर दगड आणि अल्कोहोल देतात. किळसेचं उत्तर घरातल्या वाटाघाटींत शोधावं. वस्तरा बाथरूममध्ये टूथब्रशांच्या शेजारी ठेवायचा नाही, ही अट मला एकदम मंजूर; दमट हवेत तो गंजतोही. साफसफाई स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, ही दुसरी. घरात दुसऱ्या कुणी त्या वस्तऱ्याला हात लावायचा नाही, मुलाने मिशी फुटली म्हणून नाही आणि बायकोने पायांचे केस काढायला नाही, ही तिसरी, आणि ही तर वैद्यकीय अट आहे. नवरा-बायकोतही एकाचं रेझर दुसऱ्याने वापरू नये, मग ते नवंकोरं का असेना.

"मग नवाच वस्तरा का नाही घेत?" हा प्रश्न उरतो. घ्यावा की. झोलिंगनमध्ये ते आजही बनतात, फक्त किंमत ऐकून वहिनींना जुना बाजार बरा वाटेल. मधला मार्ग सलूनसारख्या पट्टीचा: वस्तऱ्याचा आकार, दर दाढीला नवं अर्धं ब्लेड. दगड नको, पट्टा नको, कर्नल नको. शौकीन माणसं त्याला नाक मुरडतात, कारण त्यात परजायची गंमत नाही.

जे वस्तरे धारेजवळ खड्डे पडून बाद झाले, आणि वापरलेली ब्लेडं, ती सुक्या कचऱ्यात तशीच टाकू नका. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतात. धारदार वस्तू जाड कागदात किंवा टिनाच्या डबीत बंद करून, वर लिहून, घरगुती घातक कचऱ्यात द्यायची. गाडीवरच्या माणसाचे हात त्या पिशवीत जातात, आणि त्याला बहुधा हिपॅटायटिसची लस कुणी दिलेली नसते.